उत्तर कोकणातील अश्वव्यापार आणि मराठा घोडदळाचा अश्वपुरवठा

उत्तर कोकणातील अश्वव्यापार म्हणजे सोपारा, वसई, ठाणे आणि चौल या बंदरांतून अरबस्तान व इराणी आखातातील घोडे दख्खनच्या पठारावरील सैन्यांना पुरवण्याचा मध्ययुगीन व्यापार होय. यांपैकी सोपारा (आजचे नालासोपारा) आणि वसई ही ठिकाणे सध्याच्या पालघर जिल्ह्यातील वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत येतात. या किनारपट्टीवर लढाऊ घोड्यांची पैदास कधीच मोठ्या प्रमाणावर झाली नाही. तरीही घाटावरच्या राजसत्तांना चांगले घोडे मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी या बंदरांवर कोणाचा ताबा आहे यावर ठरत असे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी हा समुद्री मार्ग आपल्या नियंत्रणाखाली आणला. सतराव्या शतकात उदयास आलेल्या मराठा घोडदळाची उभारणी मुख्यतः पठारावरील लहान चणीच्या देशी घोड्यांवर आणि 'पागा' या सरकारी व्यवस्थेवर झाली.

भूगोल आणि हवामान

घोडा हा कोरड्या हवेचा आणि मोकळ्या रानाचा प्राणी आहे. वसई परिसरात पावसाळ्यात सुमारे दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. खाजणे, खाड्या व भातखाचरे यांनी व्यापलेल्या जमिनीत घोड्याचे खूर महिनोन्महिने ओले राहतात व कुजतात. येथील मुख्य वैरण म्हणजे भाताचा पेंढा. ज्वारीच्या कडब्याच्या तुलनेत तो निकस. हरभरा आणि कुळीथ हे घोड्याच्या चंदीचे (दाण्याच्या खुराकाचे) मुख्य धान्य घाटावरून आणावे लागे. त्यामुळे जहाजातून उतरलेला घोडा शक्य तितक्या लवकर घाट चढवून पठारावर नेणे हेच व्यापाऱ्याच्या हिताचे असे.

वसईची खाडी, म्हणजेच उल्हास नदीचे मुख, ठाणे व कल्याणपर्यंतचा जलमार्ग खुला करते. कल्याणहून नाणेघाटाने जुन्नर, थळघाटाने नाशिक आणि बोरघाटाने पुणे प्रांत गाठता येतो. उत्तर कोकणातील बंदरांचे लष्करी महत्त्व या घाटवाटांमुळे होते. बंदर आणि घाटमाथा एकाच सत्तेकडे असला तर पुरवठा अखंड चालत असे, दोन वेगळ्या सत्तांकडे असला तर त्याची अडवणूक होई. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत बहुधा दुसरीच परिस्थिती होती.

प्राचीन व मध्ययुगीन काळ

सोपारा हे शूर्पारक या नावाने प्राचीन काळापासून ज्ञात असलेले बंदर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख सुप्पारा असा येतो. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळात ठाणे (स्थानक), सोपारा, चौल (चेमुली) आणि नागपूर नावाचे एक बंदर ही राज्याची प्रमुख व्यापारी ठिकाणे होती. शिलाहार राजा अनंतदेव याच्या शके १०१६ (इ.स. १०९४) च्या ताम्रपटात या बंदरांत येणाऱ्या काही व्यापाऱ्यांच्या जहाजांना जकात माफ केल्याची नोंद आहे. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर गलबतांची लढाई आणि जमिनीवरील युद्ध अशी दोन्ही दृश्ये कोरलेली आहेत.

घोड्यांच्या टंचाईचे सर्वांत बोलके वर्णन तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याच्या राज्याविषयी केले आहे. त्याच्या सांगण्यानुसार ठाण्याच्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता: लुटलेल्या जहाजांवरील सर्व घोडे राजाला द्यायचे आणि उरलेला माल चाच्यांनी ठेवायचा. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि भारताकडे येणारे जवळजवळ प्रत्येक जहाज इतर मालाबरोबर घोडेही आणत असे, असे कारण तो देतो. राजाला न शोभणारी वागणूक म्हणून तो या कराराची निंदा करतो. मात्र सोने, मसाले वा कापड सोडून केवळ घोड्यांवर हक्क सांगणारा राजा मूर्ख खचितच नव्हता. पैसा इतर मार्गांनीही मिळवता येई. घोडा मात्र समुद्रातूनच येत होता.

परदेशी घोडे भारतात फार काळ टिकत नसत, हेही मार्को पोलोने दक्षिणेतील पांड्य राज्याच्या संदर्भात नोंदवले आहे. प्रतिकूल हवामान, शिजवलेल्या भातासारखा अयोग्य आहार आणि जाणकार देखभालीचा अभाव यांमुळे दरवर्षी असंख्य घोडे मरत व तितकेच पुन्हा विकत घ्यावे लागत. ही मागणी कधीच पूर्ण होत नसल्याने होर्मुझ व एडनच्या व्यापाऱ्यांचा नफा अबाधित राहत असे.

बहमनी काळात हाच व्यापार चौल–जुन्नर–बीदर या मार्गाने चाले. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी सुमारे १४७० मध्ये होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला पोहोचला. जुन्नरच्या अंमलदाराने तो घोडा हिसकावून घेतला आणि इस्लाम स्वीकारल्यासच परत मिळेल, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीमुळे निकितिनला घोडा परत मिळाला व पुढे त्याने तो बीदरमध्ये विकला. एका घोड्यासाठी प्रांताच्या अंमलदाराने परदेशी माणसाशी असा व्यवहार करावा, यावरून त्या जनावराचे मोल लक्षात येते. भारतात घोडे जन्मत नाहीत, असे निकितिनने लिहिले आहे. हे विधान शब्दशः खरे नसले, तरी त्याने पाहिलेल्या लष्करी बाजारपेठेचे ते यथार्थ वर्णन आहे.

पोर्तुगीज सत्ता आणि वसई

१५१० मध्ये अफोन्सो दे अल्बुकर्क याने गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगिजांनी होर्मुझ व अरबस्तानातून येणारे घोडे गोव्यातच उतरवण्याची सक्ती सुरू केली. परवाना (कार्ताझ) नसलेले जहाज पकडले जाई. प्रत्येक घोड्यावर भारी जकात होती आणि गोव्याच्या महसुलात तिचा वाटा मोठा होता. महसुलापेक्षाही मोठा लाभ राजकीय होता, कारण विजापूर आणि विजयनगर या परस्परविरोधी सत्तांपैकी कोणाला घोडे द्यायचे हे आता गोव्याच्या हाती आले. १५४७ मध्ये जुआंव दे काश्त्रो याने विजयनगरशी केलेल्या तहात गोव्यात येणारे घोडे विजापूरला न देता विजयनगरकडेच जाऊ देण्याचे मान्य करण्यात आले होते.

वसईचा या व्यवस्थेतील प्रवेश २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने झाला. हुमायूनच्या स्वारीच्या धास्तीत असलेला गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने या तहान्वये वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख व बेटे पोर्तुगिजांना दिली. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी प्रथम वसईस येऊन परवाना घ्यावा व परतताना तेथेच जकात भरावी, असे ठरले. होर्मुझ व अरबस्तानातील घोडेही वसईत आणण्याचे बंधन होते. पुढच्याच वर्षी दीवमध्ये किल्ला बांधण्याची परवानगी मिळाल्यावर नव्या करारान्वये हे बंधन वसईऐवजी दीवकडे वळवण्यात आले. म्हणजे वसई हे घोड्यांचे सक्तीचे बंदर फार थोडा काळ होते. तथापि कोणते बंदर घोड्यांसाठी खुले असेल हा मुद्दा तहाच्या कलमांत यावा, ही बाबच त्या काळात या व्यापाराला असलेले महत्त्व दाखवते.

पुढील दोनशे वर्षे वसई पोर्तुगिजांच्या 'उत्तर प्रांता'चे मुख्य ठाणे होती. या प्रांतात, विशेषतः दमणकडे, गावे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देताना पट्टेदारावर खंडाबरोबरच लष्करी सेवेची जबाबदारी टाकली जाई. गरजेच्या वेळी सरकारच्या कामी येईल असा घोडा बाळगणे हा तिचा एक भाग होता. सैन्यासाठी घोडा पोसण्याचा खर्च जमिनीच्या उत्पन्नावर टाकण्याची ही पद्धत घाटावरील सरंजामी व्यवस्थेशी मिळतीजुळती आहे. फरक इतकाच, की कोकणातील पट्टेदाराला घोडा बाहेरून आणावा लागे आणि भातशेतीच्या मुलखात तो जगवावा लागे.

पठारावरील पैदास: भीमथडी घोडा

समुद्रमार्ग परक्यांच्या हाती असताना घाटावर देशी पैदास चालू होती. भीमा, नीरा, माण आणि गोदावरी या नद्यांच्या काठचा प्रदेश त्यासाठी अनुकूल होता. कोरडी हवा, कठीण जमीन, ज्वारीचा कडबा, नदीकाठची हरळी आणि मुबलक हरभरा या गोष्टी तेथे होत्या. नदीच्या 'थडी'वरून (काठावरून) या घोड्यांना भीमथडी, गंगथडी अशी नावे पडली. स्थानिक तट्टांशी अरबी, इराणी व तुर्की घोड्यांचा संकर होऊन ही जात सुधारत गेली, असे सामान्यतः मानले जाते. बहमनी व निजामशाही काळात बंदरांतून आलेल्या घोड्यांचे रक्त अशा रीतीने पठारावर मुरले होते.

भीमथडी घोडा अरबी घोड्यापेक्षा ठेंगणा आणि दिसायला साधा. परंतु काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारा व डोंगरवाटांत पाय न चुकणारा असे. समोरासमोरच्या धडकेत चिलखती मोगल स्वाराच्या उंच घोड्यापुढे तो टिकत नसे. म्हणूनच अशी धडक टाळून शत्रूची रसद तोडणे, लांब पल्ल्याच्या दौडी मारणे व निसटून जाणे हा मराठ्यांचा युद्धप्रकार त्याला शोभला. गनिमी काव्याची चर्चा करताना डोंगर आणि किल्ले यांचा उल्लेख नेहमी होतो, घोड्याच्या जातीचा मात्र क्वचितच.

घोड्यांची खरेदी यात्रांमधूनही होत असे. तापीकाठचे सारंगखेडा (नंदुरबार जिल्हा) आणि खंडोबाचे माळेगाव (नांदेड जिल्हा) येथील घोडेबाजार आजही भरतात. खरेदीच्या वेळी घोड्याचा रंग आणि अंगावरील भोवरे बारकाईने पाहिले जात. कुमाईत, अबलख, पंचकल्याणी यांसारखे शब्द मराठीत त्यातूनच रुळले. घोड्यांचा वैद्य 'सालोत्री' म्हणून ओळखला जाई. हा शब्द शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्यकाच्या आचार्याच्या नावावरून आला आहे.

पागा आणि शिलेदारी

मराठा घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. ज्याला घोडा व हत्यार सरकारकडून मिळे तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सरकारी घोड्यांच्या दलाला पागा म्हणत. हा भेद केवळ वेतनाचा नव्हता. लढाईत घोडा मेला तर बारगिराला सरकारातून दुसरा मिळे. शिलेदाराचे मात्र भांडवलच बुडे आणि त्याबरोबर त्याची चाकरीही. त्यामुळे घोडा वाचवण्याकडे शिलेदाराचा कल असणे स्वाभाविक होते. छत्रपती शिवाजी महाराजांनी पागेला शिलेदारांपेक्षा अधिक महत्त्व दिले आणि शिलेदारांनाही सरनोबताच्या हुकमतीखाली ठेवले, यामागे हे कारण असावे.

कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) व एक नालबंद नेमलेला असे. महाराजांच्या अखेरीस पागेचे ४५,००० व शिलेदारांचे ६०,००० स्वार होते, असे ही बखर सांगते. हे आकडे जसेच्या तसे धरता येत नसले, तरी पागा आणि शिलेदारी यांच्या प्रमाणाची कल्पना त्यांवरून येते. अफजलखानाच्या पाडावानंतर (१६५९) हाती आलेल्या ४,००० घोड्यांचाही उल्लेख बखरीत आहे. युद्धात पाडाव केलेली जनावरे सरकारजमा होत आणि ती पागेच्या भरतीचे एक मोठे साधन होती.

पागेभोवती बरीच माणसे राबत असत. मोतद्दार खरारा करीत आणि तोबरा बांधीत, चाबूकस्वार नवे जनावर वळणावर आणीत, पागनीस हिशेब ठेवीत. पागनीस आणि पागे ही आडनावे या व्यवस्थेची आठवण आजही बाळगून आहेत. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील आलेगाव पागा या गावाच्या नावातही तो शब्द टिकून आहे.

छावणीचा प्रश्न

पावसाळ्यात फौज मुलखात परत येई आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडे. मधले चार महिने घोडे जगवणे हे काम मोहिमेइतकेच अवघड होते. त्यासाठी छावणीच्या जागी दाणा, वैरण व शाकारलेल्या पागा आधीच तयार ठेवाव्या लागत.

कोकणात हा प्रश्न अधिक बिकट होता. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिलेले पत्र या संदर्भात प्रसिद्ध आहे. साठवलेला दाणा व गवत पावसाळाभर पुरवून वापरावे. आताच मनमानी खर्च केल्यास ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील व ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा इशारा त्यात दिला आहे. मग लोक रयतेच्या घरातील धान्य, लाकूड व भाजीपाला ओढून आणू लागतील, अशी पुढची भीतीही महाराजांनी व्यक्त केली आहे. पेटत्या दिव्याची वात उंदराने पळवली तर गवताच्या गंज्या जळतील, तेव्हा रात्री दिवे विझवावेत, इतकी बारीक सूचना पत्रात येते. रयतेच्या रक्षणाचा दाखला म्हणून हे पत्र नेहमी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मुळात ते घोड्यांच्या वैरणीविषयीचे पत्र आहे. वैरण संपली की घोडा आणि शेतकरी दोघेही संकटात येतात, हा त्यातील हिशेब आहे.

वैरणीचा हा हिशेब चुकल्यावर काय होते, ते १७६०–६१ च्या हिवाळ्यात पानिपतावर दिसले. वेढलेल्या मराठा छावणीत दाणावैरण संपून घोडे मोठ्या संख्येने मेले आणि निर्णायक लढाईच्या दिवशी अनेक स्वारांची जनावरे उपासमारीने खंगलेली होती.

वसईची मोहीम (१७३७–१७३९)

चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्तर कोकणच्या मोहिमेत मराठ्यांच्या मुख्य शस्त्राचाच, म्हणजे घोडदळाचा, उपयोग मर्यादित होता. मार्च १७३७ मध्ये ठाणे हाती आले. परंतु वसईचा किल्ला तीन बाजूंनी पाणी व दलदल यांनी वेढलेला असल्याने स्वारांना तेथे वाव नव्हता. अखेरीस मोर्चे, सुरुंग आणि पायदळाचे हल्ले यांच्या बळावर मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. शिंदे व होळकर यांच्यासारखे घोडदळाचे सरदार या वेढ्यात हजर होते.

या विजयाने सोपारा, वसई, ठाणे आणि कल्याणचे घाटमार्ग अनेक शतकांनंतर पुन्हा पठारावरील एका सत्तेकडे आले. तोपर्यंत मात्र मराठा घोडदळ माळवा, गुजरात व बुंदेलखंडात पसरले होते आणि काठेवाडी व उत्तरेकडील घोडे त्याला जमिनीवरून मिळू लागले होते. समुद्रमार्गाची पूर्वीची निकड उरली नव्हती. वसई सुभ्याचे ठाणे व आरमाराचे स्थान म्हणून महत्त्वाची ठरली. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली. १७८० मध्ये वसईही त्यांच्या हाती गेली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. आखाती घोड्यांचा बाजार या काळात मुंबईकडे सरकू लागला होता.

वसईचा तह आणि घोडदळाचा अस्त

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजी आश्रयाने वसई गाठली आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे तह केला. सहा हजारांची इंग्रजी तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख, ही त्यातील कलमे सर्वपरिचित आहेत. युद्धप्रसंगी पेशव्याने स्वतःचे ६,००० पायदळ व १०,००० घोडदळ इंग्रजांच्या मदतीस द्यावे, हे कलम तुलनेने दुर्लक्षित राहिले. पुढील वर्षीच्या पुरवणी तहात ही संख्या ३,००० पायदळ व ५,००० घोडदळ अशी कमी करण्यात आली.

जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्याकडून स्वारांऐवजी त्यांच्या खर्चाची रक्कम घेण्याचे ठरले आणि त्या पैशावर कंपनीने स्वतःच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली घोडदळ उभे केले. त्यातूनच पुढे 'पूना हॉर्स' ही पलटण घडली. शिरूर ऊर्फ घोडनदी येथे तिचे दीर्घकाळ ठाणे होते. अनेक शिलेदार घराण्यांतील स्वार या व अशा पलटणींत गेले. अनेकांना मात्र घोडा विकून नांगर धरावा लागला. पागा आणि सरंजाम संपल्यामुळे लढाऊ घोडा पैदा करण्यात शेतकऱ्याला फायदा उरला नाही. १८७६–७८ च्या दुष्काळाने दख्खनच्या पशुधनाची मोठी हानी केली, त्यात उरलीसुरली पैदासही खचली.

ब्रिटिश लष्कराने आपली गरज मुंबईत उतरणाऱ्या आखाती अरबी घोड्यांवर आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या 'वेलर' घोड्यांवर भागवली. वाफेच्या जहाजांमुळे खंडांतर करून घोडे आणणेही परवडू लागले होते. सोपाऱ्याची खाडी तोपर्यंत गाळाने भरली होती आणि वसई हे केळीच्या व पानवेलीच्या बागांचे गाव झाले होते.

सद्यस्थिती

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास भारतीय घोडदळाच्या पलटणी रणगाड्यांकडे वळल्या. पूना हॉर्स ही आज चिलखती पलटण आहे. १९६५ च्या युद्धात तिचे नेतृत्व करताना धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचे आडनाव पालघर जिल्ह्यातील तारापूरवरून आलेले आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे. सैन्याला लागणारे घोडे व खेचरे पुरवण्याचे काम लष्कराचा रिमाउंट व पशुवैद्यकीय विभाग करतो; त्याची पैदास केंद्रे उत्तर भारतात आहेत.

भीमथडी घोडा मुख्यतः धनगर समाजाने टिकवला. पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील मेंढपाळ आपल्या हंगामी स्थलांतरात बिऱ्हाड वाहण्यासाठी ही घोडी वापरतात. अलीकडे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र देशी अश्वजात म्हणून नोंद केली आहे. चराऊ रानांचा संकोच आणि मेंढपाळांनी पत्करलेली मोटारवाहने यांमुळे या जातीची संख्या घटत आहे.